पाळीची तारीख आणि वजनाचा काटा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच अनियमित पाळीविषयी आहेत. त्यांतली चार येथे निवडली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर जरा सविस्तर दिले आहे, कारण त्यातले बरेचसे विवेचन पुढच्या तिन्ही उत्तरांनाही लागू पडते.

प्रश्न : माझे वय २९ वर्षे असून उंची १५८ सेंटिमीटर आणि वजन ८४ किलो आहे. तीन वर्षांपूर्वी ते ७० किलो होते. बैठ्या कामामुळे ते वाढत गेले आणि त्याच सुमारास पाळी लांबू लागली. पूर्वी तीस-बत्तीस दिवसांनी येणारी पाळी आता कधी ४० दिवसांनी येते, कधी ५५, आणि मागच्या वेळी तर ७८ दिवसांनी आली. आली की दहा-बारा दिवस अंगावरून जात राहते, गाठीही पडतात. डॉक्टरांनी ‘आधी वजन कमी करा, पाळी आपोआप सुरळीत होईल’ एवढेच सांगितले. तपासणी कोणतीच केली नाही. माझी धाकटी बहीण माझ्याहून जाड आहे, तरी तिची पाळी ठरल्या तारखेला येते. मग दोष खरोखर वजनाचाच आहे का? आणि असल्यास किती वजन उतरवावे लागेल?

उत्तर : बहिणीचा दाखला देऊन तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवले आहे. वजन हे अनियमित पाळीचे एक मोठे कारण आहे, पण एकमेव नाही, आणि सारखेच वजन प्रत्येकीच्या शरीरात सारखाच परिणाम घडवत नाही. ते का, हे कळण्यासाठी पाळी लांबते म्हणजे आत काय घडते ते आधी पाहू.

पाळीच्या चक्राचे दोन भाग असतात. पहिल्या भागात मेंदूतील हायपोथॅलॅमस आणि त्याच्या हुकमतीतली पिट्युटरी ग्रंथी यांच्याकडून संप्रेरकांचे संदेश येतात, त्यांमुळे बीजांडकोशात एक बीज पिकत जाते, आणि त्याभोवतीच्या पेशींतून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचे अस्तर जाड होते. बीज बाहेर पडले की दुसरा भाग सुरू होतो. आता प्रोजेस्टेरॉन स्रवू लागते आणि ते वाढलेल्या अस्तराला स्थिर करते. गर्भ राहिला नाही, तर सुमारे दोन आठवड्यांनी प्रोजेस्टेरॉन ओसरते, अस्तर एकदम सुटते आणि पाळी येते. हा दुसरा भाग बहुतेकींमध्ये दोन आठवड्यांच्या आसपासच राहतो. लांबतो किंवा आखडतो तो मुख्यतः पहिला. म्हणून ‘पाळी लांबली’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘बीज उशिरा बाहेर पडले’ किंवा ‘पडलेच नाही’ असा असतो.

तुमच्या ७८ दिवसांच्या चक्राकडे या दृष्टीने पाहिले, तर दोन शक्यता दिसतात. एक म्हणजे बीज चौसष्टाव्या दिवसाच्या सुमारास बाहेर पडले आणि नंतर नियमाप्रमाणे पाळी आली. दुसरी म्हणजे बीज बाहेर पडलेच नाही, प्रोजेस्टेरॉन तयारच झाले नाही, अस्तर नुसते इस्ट्रोजेनवर वाढत राहिले आणि शेवटी स्वतःच्या भारानेच इथून थोडे, तिथून थोडे असे ढासळू लागले. दहा-बारा दिवस चालणारा, गाठी पडणारा रक्तस्राव दुसऱ्या शक्यतेशी अधिक जुळतो. बीज सुटल्यानंतर येणारी पाळी सहसा आटोपशीर असते.

आता वजनाकडे वळू. चरबी म्हणजे शरीराने अडगळीत टाकलेला साठा, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ती संप्रेरके घडवणारी जिवंत ऊती आहे. शरीरातील पुरुषी संप्रेरकांचे, म्हणजे अँड्रोजेन्सचे, इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करणारे अरोमॅटेज नावाचे विकर (एन्झाइम) चरबीत असते. त्यामुळे चरबी जास्त असली, की बीजांडकोशाच्या चढउतारांशी संबंध नसलेले इस्ट्रोजेन सतत पाझरत राहते. पाळीचे वेळापत्रक मात्र इस्ट्रोजेन केव्हा चढते आणि केव्हा उतरते यावरच आखलेले असते. पातळी एकसारखी राहिली, तर मेंदूला मिळणारा इशारा पुसट होतो आणि अस्तराला वाढीचे खतपाणी मात्र चालूच राहते.

याहून मोठा वाटा इन्सुलिनचा आहे. विशेषतः पोटाभोवती चरबी साठली, की पेशी इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देईनाशा होतात आणि स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन सोडू लागते. स्नायूंनी इन्सुलिनकडे कानाडोळा केला, तरी बीजांडकोश मात्र त्याचे ऐकतच राहतो आणि जादा अँड्रोजेन्स तयार करतो. शिवाय रक्तातल्या मोकळ्या टेस्टोस्टेरॉनला, म्हणजे मुख्य अँड्रोजेनला, बांधून ठेवणारे एक प्रथिन यकृतात तयार होते, त्याचे प्रमाणही जादा इन्सुलिनमुळे घटते. परिणामी बीजपुटिका, म्हणजे बीज सामावणाऱ्या बारीक पिशव्या, काही मिलिमीटर वाढून तिथेच थबकतात. सोनोग्राफीत त्या कडेने मण्यांसारख्या दिसतात आणि अहवालात ‘पॉलिसिस्टिक’, म्हणजे ‘अनेक गाठींचा’, हा शब्द येतो. पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजेच पीसीओएस, या आजाराचे नाव त्यावरूनच पडले. खरे तर त्या गाठी नसतात, अर्ध्यावर राहिलेली बीजेच असतात. या नावाने बायकांना विनाकारण जितके घाबरवले आहे, तितके त्या आजारानेही क्वचितच घाबरवले असेल.

तुमच्या बहिणीचे उत्तर इथे आहे. इन्सुलिनचा प्रतिसाद किती बिघडतो हे वजनाच्या आकड्यावरच ठरत नाही. चरबी पोटावर आहे की मांड्यांवर, स्नायू किती आहेत, झोप आणि हालचाल कशी आहे, आनुवंशिकता काय आहे, यांवरही ते ठरते. त्यामुळे ९० किलोच्या एखादीची पाळी घड्याळासारखी चालते आणि सडपातळ बांध्याच्या एखादीला पीसीओएस असू शकतो. शिवाय तुमचे १४ किलो वजन तीन वर्षांत वाढले आहे आणि पाळी त्याच सुमारास बिघडली आहे. हा योगायोग वाटत नाही.

तरीही तुम्हाला तपासणीशिवाय परत पाठवले, हे मला पटलेले नाही. सल्ला चुकीचा नव्हता, अपुरा होता. वजनामुळे पाळी बिघडते, तसेच पाळी आणि वजन ही दोन्ही तिसऱ्याच कशामुळे बिघडलेली असू शकतात. थायरॉइड मंदावले, की वजन थोडे वाढते, पाळी लांबते किंवा फार जाते, आणि प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारे पिट्युटरीचे संप्रेरक) वाढून बीज सुटण्यातही अडथळा येतो. मानसिक आजारांवरची काही औषधे वजन आणि प्रोलॅक्टिन दोन्ही वाढवतात. पीसीओएसमध्ये तर वजनामुळे तो बळावतो आणि तो असल्यामुळे वजन उतरत नाही, असे दुष्टचक्रच असते. दहा जणींत साधारण एकीला तो असतो. त्याच्या निदानासाठी २००३ साली रॉटरडॅम येथे ठरलेले निकष आजही पायाभूत मानले जातात. अनियमित पाळी, जादा अँड्रोजेन्सची लक्षणे किंवा तसा रक्ताचा अहवाल, आणि सोनोग्राफीतील विशिष्ट चित्र, या तिन्हींपैकी दोन गोष्टी हव्यात आणि त्याआधी थायरॉइड, प्रोलॅक्टिन यांसारखी इतर कारणे वगळलेली हवीत. तुमच्या हनुवटीवर किंवा पोटावर राठ केस येत आहेत का, मुरमे वाढली आहेत का, मानेची त्वचा काळी आणि मखमलीसारखी झाली आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

तपासण्यांत पहिली गर्भधारणेची. ‘शक्यच नाही’ असे वाटत असले, तरी ती करावी. पाळी चुकण्याचे सर्वांत साधे कारण तेच असते आणि दहा-बारा दिवसांचा रक्तस्राव कधी कधी गर्भपाताचाही असतो. त्यानंतर टीएसएच (थायरॉइडची तपासणी), प्रोलॅक्टिन, हिमोग्लोबिन, साखर आणि चरबीचे प्रमाण, टेस्टोस्टेरॉन आणि सोनोग्राफी. प्रोलॅक्टिनसाठी रक्त देताना जरा वेळ शांत बसून मगच द्यावे, कारण सुई टोचण्याच्या नुसत्या ताणानेही ते थोडे वाढते. सोनोग्राफीत अस्तर फार जाड आढळले, तर त्याचा नमुना घेण्याचा सल्ला मिळू शकतो. हा नमुना ४५ वर्षांनंतर घेतात असे तुम्ही ऐकले असेल, पण वजन जास्त असून बीज दीर्घकाळ सुटलेले नसेल, तर तिशीतही तो घ्यावा लागतो; प्रोजेस्टेरॉनविना वाढत राहिलेल्या अस्तरात काही वर्षांनी कर्करोगाकडे झुकणारे बदल होऊ शकतात. याच कारणासाठी पाळी लागोपाठ तीन महिने आली नाही, तर प्रोजेस्टेरॉनच्या जातीची गोळी दहा ते चौदा दिवस देऊन अस्तर पाडून घेतात. गोळ्या संपल्यावर काही दिवसांत रक्तस्राव होतो. काहींना गर्भनिरोधक गोळ्या किंवा संप्रेरक सोडणारी गर्भाशयातील तांबी अधिक सोयीची पडते. मात्र एक ध्यानात ठेवा. गर्भनिरोधक गोळ्यांवर दर महिन्याला होणारा रक्तस्राव ही तुमची नैसर्गिक पाळी नव्हे, तो औषध थांबल्याचा परिणाम आहे. अस्तराचे रक्षण होते, हा लाभ खरा. पण मूळ कारण तसेच राहिले, तर गोळ्या बंद केल्यावर जुनी अनियमितता परतते आणि ‘गोळ्यांनीच पाळी बिघडवली’ असा समज होतो.

आता किती वजन उतरवायचे ते पाहू. तुमचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, साधारण ३३.६ येतो. आशियाई लोकांसाठी सुचवलेली मर्यादा २३ ची आहे, म्हणजे तुमच्या उंचीला जेमतेम ५७ किलो. हा आकडा पाहून अनेकजणी प्रयत्नच सोडून देतात. पाळीसाठी तो गाठावा लागत नाही. आताच्या वजनाच्या पाच ते दहा टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत चार ते आठ किलो, टिकाऊपणे उतरले, की अनेकींमध्ये बीज पुन्हा सुटू लागते, कारण पोटाच्या आतली चरबी आधी घटते आणि इन्सुलिन खाली येते. काट्याबरोबर कंबरेचा घेरही मोजा. कधी वजन अडून बसते आणि घेर मात्र कमी झालेला असतो. उपासमार करून महिन्याभरात आठ किलो उतरवू नका. अचानक घडलेली उपासमार मेंदूला संकट वाटते आणि त्यानेही पाळी थांबते. सगळ्यांनाच एवढ्याने गुण येतो असेही नाही; काहींना मेटफॉर्मिनसारखे, इन्सुलिनचा प्रतिसाद सुधारणारे औषध लागते. आणि मूल नको असेल, तर वजन उतरू लागताच गर्भनिरोधनाची व्यवस्था करा. ‘माझी पाळीच येत नाही, मला कशाला साधन?’ या भरवशावर राहिलेल्यांना पाळीऐवजी दिवस गेल्याचे कळते, कारण पहिले बीज पाळीच्या आधी सुटते.

शेवटी नोंदीबद्दल. एक रुग्ण खिशात मावेल एवढी दिनदर्शिका घेऊन आल्या होत्या. लाल शाईने गोल केलेले, कोपऱ्यात बारीक अक्षरात दिवसांची बेरीज, आणि तक्रार अशी की चक्र २५ दिवसांचे होते ते एकदम ३२ वर गेले. नीट पाहिल्यावर कळले, की आधी त्या पाळी संपल्यापासून पुढची सुरू होईपर्यंत मोजत होत्या आणि मध्येच मुलीच्या सांगण्यावरून पहिल्या दिवसापासून मोजू लागल्या होत्या. बिघडली होती ती मोजणी; पाळी जागच्या जागीच होती. रक्तस्रावाच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या रक्तस्रावाच्या पहिल्या दिवसापर्यंत, असेच मोजायचे. याच हिशेबाने महिन्याच्या २ तारखेला आणि पुन्हा २८ तारखेला आलेली पाळी ‘महिन्यात दोनदा’ होत नाही. ते २६ दिवसांचे उत्तम चक्र आहे. प्रौढ स्त्रीत २४ ते ३८ दिवसांचे चक्र आणि आठ दिवसांपर्यंतचा स्राव सामान्य समजतात. एखाद्या महिन्यात आजारपण, प्रवास, जागरणे किंवा आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी यांमुळे तारीख मागेपुढे झाली, तर त्याला अनियमितपणा म्हणत नाहीत. डॉक्टरांकडे जाताना निदान सहा पाळ्यांच्या तारखा, किती दिवस रक्तस्राव झाला, दिवसाला किती पॅड लागले आणि कोणती औषधे चालू आहेत, एवढे एका कागदावर लिहून न्या. हा कागद पुढ्यात असला, की नुसते ‘वजन कमी करा’ म्हणून पाठवणे कोणत्याही डॉक्टरला जड जाते.

प्रश्न : माझी मुलगी १३ वर्षांची आहे. दहा महिन्यांपूर्वी तिला पहिली पाळी आली. तेव्हापासून कधी २० दिवसांनी, कधी ५० दिवसांनी येते. ती अंगाने जरा भरलेली आहे. सोनोग्राफीत बीजांडकोशात अनेक पुटिका दिसल्या. तिला पीसीओएस झाला का? आतापासून गोळ्या द्याव्यात का?

उत्तर : नाही, या माहितीवरून तसे म्हणता येत नाही. मेंदू आणि बीजांडकोश यांचा मेळ बसायला वेळ लागतो आणि सुरुवातीच्या कित्येक चक्रांत बीज सुटतच नाही. पहिल्या वर्षी अनियमितपणा हाच नियम असतो. त्यानंतर तीन वर्षे पूर्ण होईपर्यंत २१ ते ४५ दिवसांची चक्रे चालतात. पहिले वर्ष उलटल्यावर एखादे चक्र ९० दिवसांहून लांबले, तर दाखवावे. किशोरवयात बीजांडकोशांत अनेक पुटिका दिसणे स्वाभाविक असते, म्हणून पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षे सोनोग्राफीच्या आधारे पीसीओएसचे निदान करू नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. ती सोनोग्राफी मुळात कशासाठी केली, हा प्रश्न मलाच पडला आहे.

दुसऱ्या एका गोष्टीकडे मात्र लक्ष द्या. पाळी पहिल्यापासूनच फार जाते का, तासाला पॅड बदलावा लागतो का, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते का? तसे असेल, तर रक्त गोठण्याचा जन्मजात दोष तपासावा लागतो, आणि तो बहुतेकदा याच वयात प्रथम उघड होतो. वजनाबद्दल तिला एकटीला बोल लावू नका. घरातल्या सगळ्यांचीच हालचाल वाढली, तर तिची वाढेल. ‘तू जाड आहेस म्हणून तुझी पाळी बिघडली’ हे वाक्य मात्र मुली वर्षानुवर्षे विसरत नाहीत, आणि त्यातल्या काही जेवणच टाकतात.

प्रश्न : मी २२ वर्षांची असून लांब पल्ल्याच्या शर्यतींचा सराव करते. उंची १६३ सेंटिमीटर, वजन ४५ किलो. पाच महिने पाळी आलेली नाही. वजन तर मुळीच जास्त नाही. सरावात अडथळा नाही, त्यामुळे खरे सांगायचे तर मला बरेच वाटते. काळजीचे कारण आहे का?

उत्तर : आहे, आणि बरे वाटते आहे म्हणूनच अधिक आहे. तुमचा बॉडी मास इंडेक्स १७ च्याही खाली आहे. खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने आहार तोकडा पडला आणि चरबी घटली, की चरबीतून स्रवणारे लेप्टिन कमी होते, आणि ‘सध्या गर्भ पोसण्याइतकी शिल्लक नाही’ असे समजून मेंदू बीजांडकोशाला संदेश देणेच कमी करतो. इस्ट्रोजेन घटते आणि त्याची झळ हाडांना बसते, तीही नेमकी हाडे भरण्याच्या वयात. नडगीचे किंवा पावलाचे बारीक अस्थिभंग अशा धावपटूंमध्ये वारंवार आढळतात. कधी दुखरी जागा बोटाने नेमकी दाखवता येत असेल, तर ती ‘सरावाची कळ’ म्हणून सोडून देऊ नका.

गर्भधारणा, थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि एफएसएच (बीजांडकोशाला चालना देणारे पिट्युटरीचे संप्रेरक) यांच्या तपासण्या आधी करून घ्या, कारण कृश अंगकाठीच्या मुलीलाही पिट्युटरीची गाठ किंवा बीजांडकोशांची अकाली शिथिलता असू शकते. अहवाल निर्दोष निघाले, तर उपाय आहार वाढवण्याचा आणि काही काळ सराव कमी करण्याचा आहे. गर्भनिरोधक गोळ्यांनी महिन्याला रक्तस्राव दिसेल, पण हाडांचे नुकसान त्यामुळे भरून निघत नाही. पाळी ‘आली’ म्हणून तुमची आणि प्रशिक्षकांची समजूत पटेल, एवढेच.

प्रश्न : वय ४७, वजन ७८ किलो, मधुमेह आहे. वर्षभर पाळी दोन-तीन महिन्यांनी येते आणि आली की पंधरा दिवस जोरात जाते. जिने चढताना धाप लागते. ‘पाळी जायची वेळ आली, की असेच होते’ असे सगळ्या म्हणतात. वाट पाहावी का?

उत्तर : वाट पाहू नका. पाळी कायमची थांबण्याचे वय बहुतेकींत ४५ ते ५५ च्या दरम्यान असते आणि त्याआधी काही वर्षे ती मागेपुढे होते, इथपर्यंत त्यांचे म्हणणे बरोबर आहे. अंतर वाढणे अपेक्षित असते, पंधरा दिवस जोरात जाणे मात्र नाही. या वयात फायब्रॉइड (गर्भाशयाच्या स्नायूतील साधी गाठ), अस्तरातील पॉलिप (मऊ कोंब) आणि गर्भाशयाच्या स्नायूत अस्तर शिरून होणारा अ‍ॅडिनोमायोसिस ही कारणेही वारंवार सापडतात आणि त्यांचा वजनाशी थेट संबंध असेलच असे नाही. मात्र तुमच्या बाबतीत वय, वजन आणि मधुमेह हे तिन्ही अस्तराच्या कर्करोगाची जोखीम वाढवणारे घटक एकत्र आले आहेत, म्हणून सोनोग्राफीबरोबर अस्तराचा नमुना तपासणे आवश्यक आहे. बहुतेकींचा अहवाल निर्धोक येतो. कर्करोग निघालाच, तर तो लवकर सापडण्याची हीच वेळ आहे.

धाप लागते, त्याअर्थी हिमोग्लोबिन बरेच उतरले असावे. ते याच आठवड्यात तपासून घ्या. लागोपाठ दोन-तीन तास दर तासाला पॅड भिजत असेल किंवा चक्कर येत असेल, तर दिवस न पाहता रुग्णालयात जा. ओळखीतल्या कुणाला दिलेल्या रक्तस्राव थांबवणाऱ्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका, कारण मधुमेह आणि वजन असताना इस्ट्रोजेन असलेली गोळी या वयात रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढवते. आणि अनेकजणी ‘अंगावर जाणे थांबले की दाखवू’ म्हणून तपासणी लांबणीवर टाकतात, तसे करू नका. रक्तस्राव चालू असतानाही तपासणी आणि सोनोग्राफी करता येते, आणि डॉक्टरांना त्यात काही वावगे वाटत नाही.